पायाचं माप पडद्यावर कसं घ्यायचं?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका २९ वर्षांच्या, वाणिज्य शाखेच्या पदवीधर, राहणार कोल्हापूर. सासरे आणि पती घरीच कोल्हापुरी चपला बनवतात. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनमधला एक दुकानदार माल उचलतो. यांना जोडामागे ७०० रुपये मिळतात, तोच जोड दुकानात १,२०० ला जातो. इन्स्टाग्रामवर फोटो टाकून महिन्याला चार-पाच जोड त्या स्वतः विकतात. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोवरून कोल्हापुरीची जगभर चर्चा झाली, तेव्हापासून ‘आपली वेबसाइट आपणच बनवायची’ हे त्यांच्या मनात आहे. एक क्लास आठ महिन्यांच्या ‘फुल स्टॅक’ कोर्ससाठी ६०,००० रुपये मागतो. दीर म्हणतात, ओळखीचा मुलगा २५,००० मध्ये साइट करून देईल. पती म्हणतात, शिकायचं कशाला, एआयला सांगितलं की पाच मिनिटांत होतं. शिल्लक ७०,००० आहे, जुना ४ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे आणि रात्री भांडी आवरल्यावर दीड तास मिळतो. इंग्रजी वाचता येतं, बोलायचा धीर होत नाही. क्लास लावू का? किती दिवसांत जमेल? ता. क. : साइटला सासऱ्यांचं नाव द्यावं का?

ताई, नमस्कार.

आधी सरळ उत्तर. हा क्लास लावू नका. कोडिंग मात्र जरूर शिका.

‘फुल स्टॅक’ हा नोकरीसाठीचा अभ्यासक्रम असतो. त्यात रिअ‍ॅक्ट असतं, नोड असतं, डेटाबेस असतो, म्हणजे कंपनीत दहा जणांच्या टीममध्ये बसून काम करायला जे लागतं ते सगळं. तुम्हाला नोकरी करायची नाही, चप्पल विकायची आहे. त्यासाठी एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (पानाचं रूप) व्यवस्थित, आणि जावास्क्रिप्ट (पानाला हलतं-बोलतं करणारी भाषा) चिमूटभर, एवढं पुरतं. रोज दीड तासाच्या हिशेबानं हे चाळीस-पंचेचाळीस रात्रींचं काम आहे. सणवार, पाहुणे, आजारपण धरून तीन महिने म्हणा. ज्या क्लासमध्ये फक्त एचटीएमएल-सीएसएसची महिनाभराची बॅच आहे आणि पहिल्याच आठवड्यात तुमच्या स्वतःच्या मालाचं पान करून घेतात, तिथं जायला हरकत नाही. सोबतीनं शिकण्याचा फायदा असतोच. पण आठ महिन्यांनी ‘प्रोजेक्ट’ म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी दुकानाची नक्कल करायला लावणार असतील, तर त्या पैशांत कातडं येईल.

आता पत्रातल्या एका हिशेबाबद्दल बोलायला हवं, कारण सगळा बेत त्याच्यावर उभा आहे. तुम्ही लिहिता, मधला दुकानदार गेला की जोडामागे ५०० रुपये आपले. मांडून बघू. कुरिअर ११० धरा, खोका आणि कागद २५. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी कंपनी, साधारण २ टक्के घेतो आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,२०० वर सुमारे २८ रुपये. पाचातला एक जोड मापाला बसला नाही म्हणून बदलून द्यावा लागला, तर येण्या-जाण्याचे २२०, ते पाच जोडांवर वाटले की ४४. हे झाले २०७. जीएसटी नोंदणी घ्यावी लागली, तर १,२०० मध्येच धरलेला ५ टक्के कर म्हणजे ५७. हातात राहतात २३६ रुपये. शिवाय फोटो काढणं, रात्री साडेअकराला ‘ताई, काळ्यात मिळेल का?’ला उत्तर देणं, खोका बांधणं, कुरिअरवाल्याची वाट बघणं हे सगळं त्यातच आलं. २३६ काही वाईट नाहीत. पण दुकानदार ५०० रुपये फुकट खात होता असं नाही. तो गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतो, सहा मापं काढून दाखवतो, आणि पायात घालून बघितल्यावरच पैसे घेतो. म्हणून त्याचा माल परत येत नाही. त्याच्याशी व्यवहार तोडू नका आणि साइटवर त्याच्या किमतीखाली विकू नका. नियमित उचल करणारा माणूस पहिल्या वर्षभर तुमचा आधार आहे.

तेव्हा तुमच्या पानाला काय काम करायचं आहे ते कळलं. दुकानातल्या त्या स्टुलाचं. पान सुंदर दिसतं की नाही हा नंतरचा प्रश्न. नाशिकच्या गिऱ्हाइकाला तिच्या पायात काय बसेल हे खात्रीनं सांगता आलं, तर वरच्या हिशेबातले ४४ रुपये घटून दहा-पंधरावर येतात. हे नाही जमलं, तर कितीही झकास डिझाइन असो, नफा कुरिअरच्या गाडीतून हिंडत राहील.

दिरांचा आणि पतींचा सल्ला इथंच तपासून घेऊ. साइट करून घेणं चूक नाही. पण २५,००० देताना डोमेन (साइटचा पत्ता) तुमच्या नावावर, तुमच्या ई-मेलवर घेतलेलं हवं, होस्टिंगचा (साइट जिथं ठेवतात त्या जागेचा) पासवर्ड तुमच्याकडे हवा, आणि सगळ्या फायली पेनड्राइव्हवर मिळायला हव्यात. हे आधी कागदावर ठरलेलं नसेल, तर वर्षभरानं किंमत १,२०० ची १,३०० करायलाही त्या मुलाला फोन लावत बसाल. एआयचंही तसंच. तो पान करून देतो, चांगलं देतो. फक्त ‘१००% समाधानी ग्राहक’, ‘जीआय प्रमाणित’, ‘५०,०००+ विक्री’ असल्या ओळी आपल्या मनानं घालतो, आणि कोड वाचता येत नसेल तर बिघडलं कुठं ते शोधता येत नाही. थोडं शिकल्यावर त्याचा खरा उपयोग होतो. तुमचा कोड चिकटवून ‘ही ओळ काय करते, मराठीत सांग’ आणि ‘फोनवर हा फोटो बाहेर का जातो’ असं विचारा. संपूर्ण साइट एका वाक्यात मागू नका.

तुमचा ४ जीबीचा लॅपटॉप पुरे. व्हीएस कोड हा फुकट एडिटर बसवा. फारच जड गेला तर नोटपॅड++ घ्या. नवा लॅपटॉप घेऊ नका. शिकायला एमडीएन, डब्ल्यूथ्रीस्कूल्स आणि फ्रीकोडकॅम्प या साइट विनामूल्य आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही पाठ मिळतात. इंग्रजीचा बाऊ करू नका. रोजच्या वापरातले टॅग, म्हणजे पानाच्या भागांना लावायच्या खुणा, पंधराच्या आसपास असतात : हेड, बॉडी, मेन, सेक्शन, हेडिंगचे दोन-तीन, परिच्छेदाचा पी, फोटोचा इमेज, दुव्याचा ए, तक्ता, बटन, फॉर्म, लेबल, इनपुट, सिलेक्ट. बँकेची स्लिप भरता येते ना, मग हेही येईल.

पहिल्या दिवसापासून एकच पान घ्या आणि एकाच चपलेचं घ्या. समजा कापशी, नैसर्गिक रंग. शंभर प्रकारांची साइट डोक्यातून काढून टाका. ज्या पानावर नाव, किंमत, पाच फोटो, मापाचा तक्ता, ‘परत कसं करायचं’ आणि ऑर्डरचं बटन आहे, ते पान पूर्ण दुकान आहे. पहिले दोन आठवडे नुसतं एचटीएमएल. दिसायला ओबडधोबड, काळं-पांढरं, तसंच राहू द्या. पुढचे तीन आठवडे सीएसएस : बॉक्स मॉडेल (चौकटी आणि अंतरं), फ्लेक्स (मांडणी) आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदल). या तिन्हींवर वेळ काढा. सरकणाऱ्या चित्रपट्ट्या आणि ॲनिमेशन यांच्या नादी लागू नका. सहाव्या आठवड्यात जावास्क्रिप्ट.

या वाटेवर प्रत्येकाचा पाय अडकतो अशा जागा ठरलेल्या आहेत.

फाइल ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ नावानं जतन केली, पण उघडली की कोडच दिसतो. विंडोज शेवटचं शेपूट लपवतं, त्यामुळं खरं नाव ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’ झालेलं असतं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा, मग दिसेल. लॅपटॉपवर फोटो दिसतात आणि साइट चढवल्यावर गायब होतात. याची कारणं दोन. एक, पत्ता ‘सी’ ड्राइव्हपासून लिहिलेला असतो, आणि तुमचा ‘सी’ ड्राइव्ह जगाला थोडाच दिसणार? फोटो पानाशेजारच्या ‘इमेजेस’ फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथूनचाच पत्ता द्या. दोन, विंडोजला मोठ्या-लहान रोमन अक्षरांतला फरक कळत नाही, पण सर्व्हर बहुधा लिनक्सचे असतात, त्यांना कळतो. फाइलची सगळी नावं लहान रोमन अक्षरांत, जागा न सोडता, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवा.

मराठी मजकुराच्या जागी विचित्र चिन्हांची रांग आली, तर हेडमधली ‘कॅरसेट यूटीएफ-८’ ही ओळ राहिली आहे. ती असूनही कचरा दिसत असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये नाही. कोल्हापुरातल्या डीटीपीवाल्याकडून जुन्या पत्रकाचा मजकूर घेतला असेल, तर तो बहुतेक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असणार. तो बदलून घ्या किंवा सरळ फोनवर नव्यानं टाइप करा. पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवा. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत. ओळींची उंची १.६ तरी ठेवा. इंग्रजीसाठी ठरवलेल्या कमी उंचीत आपल्या वेलांट्या आणि उकार एकमेकांना टेकतात. आणि शीर्षक ‘स्टायलिश’ करण्यासाठी अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. लग्नपत्रिकेवरसुद्धा ते वाईट दिसतं.

फोनवर पान मुंगीएवढं दिसतंय? ‘व्ह्यूपोर्ट’ची मेटा ओळ विसरलात. ती नसली की फोन पानाला सुमारे ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आकसून दाखवतो. तुमचं नव्वद टक्के गिऱ्हाईक फोनवरच असणार असं धरून चला. बटनाची उंची ४८ पिक्सेलपेक्षा कमी नको, अंगठ्यानं दाबायचं असतं ते.

सगळ्यात मोठा घोळ फोटोंचा. फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे बारा लावले की पान पन्नास एमबीचं होतं, आणि गावाकडच्या नेटवर्कवर ते उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन झोपायला जातं. स्क्वूश नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. रुंदी १,२०० पिक्सेल, वेबपी प्रकार, गुणवत्ता ७५ ठेवा. फोटो दीडशे-दोनशे केबीवर येतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. प्रत्येक इमेज टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहा, नाहीतर फोटो येताना मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटनावर पडतं. पहिला फोटो सोडून बाकीच्यांना ‘लेझी’ लावा, म्हणजे पान खाली सरकवल्यावरच ते उतरतात.

फोटो काढायला स्टुडिओ नको. सकाळी खिडकीजवळ पांढरा ड्रॉइंग पेपर अंथरा, फ्लॅश बंद. पाच कोन घ्या : वरून, बाजूनं, तळ, पट्ट्याची वेणी जवळून, आणि पायात घातलेला. तळाचा फोटो बहुतेक विक्रेते टाकतच नाहीत, पण जाणकार गिऱ्हाईक आधी शिवण बघतं. वेणी आणि गोंड्याचा रंग पडद्यावर थोडा वेगळा दिसू शकतो, हे किमतीखाली एका ओळीत लिहून ठेवा.

आता स्टूल. यावर सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण हे तुमच्याइतकं कुठल्याही डेव्हलपरला कळणार नाही. आपल्याकडं चालणारं ७, ८, ९ हे माप ब्रिटिश पद्धतीचं. त्यात एका मापाचा फरक इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असतो. युरोपियन ३९, ४०, ४१ मध्ये तो पाऊण सेंटिमीटरलाही कमी. म्हणजे एकातून दुसऱ्यात बदलताना नेमकी जोडी बसतच नाही. त्यात बुटाचं माप आणि कोल्हापुरीचं माप सारखं नसतं. इथं अंगठ्याच्या पट्टीत आणि मधल्या पट्ट्यात पाय आवळला जातो, टाच मोकळी असते. म्हणून इंटरनेटवरचा मापांचा तक्ता उचलू नका. घरातल्या प्रत्येक मापाचा जोड समोर घ्या, तळाची आतली लांबी मोजा, कुठल्या लांबीचा पाय त्यात नीट बसतो ते सासऱ्यांना विचारा, आणि तक्ता ‘पाय इतके सेंटिमीटर, तर आमचं माप इतकं’ असा करा. तिसरा स्तंभ पावलाच्या रुंदीचा. रुंद पावलाला लांबी बरोबर असूनही पट्टा कापतो, आणि बहुतेक तक्त्यांत हा स्तंभच नसतो.

गिऱ्हाइकानं मोजायचं कसं, तेही लिहा. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला लावून उभं राहा, बसून नाही, अंगाचा भार पडला की पाय पसरतो. सर्वांत लांब बोटापुढे खूण करा, ते बोट अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. या पाच वाक्यांसोबत एक फोटो असू द्या.

मग जावास्क्रिप्ट. मनात पहिलं येईल ते असं की एक चौकट द्यावी, गिऱ्हाईक सेंटिमीटर लिहील, पान माप सांगेल. इथं एक आपल्या भाषेपुरता खड्डा आहे. कुणी देवनागरी आकड्यांत २५ लिहिलं, तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटत नाही, त्याला इंग्रजी आकडेच समजतात. कुणी ‘१० इंच’ लिहील, कुणी दशांशाऐवजी स्वल्पविराम देईल. लिहायला लावूच नका. २२ ते २९ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरची, दाबल्यावर उघडणारी यादी द्या, एक निवडलं की खाली माप उमटेल. दोन मापांच्या मध्ये पडणाऱ्या लांबीला उगाच उत्तर देऊ नका, ‘कागदावरच्या खुणेचा फोटो पाठवा, बघून सांगतो’ असं दाखवा. लोकांना ते आवडतं, आणि बदली थांबतात.

याच यादीतून ऑर्डरचा संदेश तयार करा. व्हॉट्सॲपचा दुवा ‘डब्ल्यूए डॉट मी’, तिरकी रेघ, मग ९१ आणि दहा आकडी नंबर असा असतो. अधिकचं चिन्ह नको, सुरुवातीचं शून्य नको, मध्ये जागा नको, आणि इथं आकडे इंग्रजीच हवेत. पुढं प्रश्नचिन्ह आणि ‘टेक्स्ट’ देऊन मजकूर जोडता येतो : ‘कापशी, नैसर्गिक, माप ८, पाय २५.५ सेंमी’. मराठी मजकूर थेट न चिकटवता ‘एनकोड-यूआरआय-कॉम्पोनंट’ या फंक्शनमधून काढा, नाहीतर संदेश अर्धवट येऊ शकतो. सगळं मिळून पंचवीस-तीस ओळी. व्हेरिएबल, फंक्शन, इफ आणि क्लिक पकडणं, एवढ्या चार गोष्टींत हे होतं. व्यवसायासाठी व्हॉट्सॲप बिझनेसवर वेगळा नंबर घ्या. घरच्या ग्रुपातल्या शुभ सकाळमध्ये ऑर्डर हरवते.

पैसे घेणं हातानं कोड करायला जाऊ नका, ही एकमेव गोष्ट मी ठामपणे बंद ठेवायला सांगेन. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली किंमत कुणीही बदलू शकतो, १,२०० चे १२ करून पुढं जाऊ शकतो. गेटवेची गुप्त किल्ली पानात लिहिली, तर ती ‘व्ह्यू सोर्स’मध्ये, म्हणजे पानाचा कोड दाखवणाऱ्या ब्राउझरच्या सोयीत, सगळ्या गावाला दिसते. सुरुवातीला यूपीआय पुरे. फक्त स्क्रीनशॉट बघून माल पाठवू नका, खोटे स्क्रीनशॉट सर्रास फिरतात. खात्यात पैसे जमा झालेले आपल्या ॲपमध्ये बघा. पुढं रेझरपेसारख्या गेटवेची तयार पेमेंट लिंक घ्या, तिला कोड लागत नाही. गेटवे तुमच्याकडं संपर्क, परतावा, गोपनीयता आणि पाठवणीच्या अटी अशी वेगळी पानं मागेल, ती आधीच लिहून ठेवा. तुमचं पूर्ण नाव, पत्ता, फोन, तक्रार कुणाकडं करायची, हे साइटवर असणं ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही आहे आणि गिऱ्हाइकाच्या भरवशासाठीही लागतं. ‘पैसे घरपोच’ सुरुवातीला देऊ नका. माल नाकारला गेला की जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही खर्च तुमचा.

साइट ठेवायची कुठं? गिटहब पेजेस सरावाला उत्तम, पण ऑनलाइन धंद्याची साइट तिथं चालवायला त्यांच्या अटी मनाई करतात, हे क्लासवाले बहुधा सांगत नाहीत. क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफायच्या फुकट योजनेत तुमची एक-दोन पानं आरामात बसतात. डोमेन घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, दुसऱ्या वर्षाची बघा. ९९ रुपयांचं डोमेन पुढच्या वर्षी हजाराला नूतनीकरण मागतं. रोज काम संपल्यावर सगळा फोल्डर तारीख घालून पेनड्राइव्हवर कॉपी करा.

पाठवणीतलं एक गणित पानावर किंमत लिहिण्याआधी करा. कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त ते धरतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० नं भागायचं. बुटाच्या खोक्यात, ३२ × २० × १२, तुमचा ७०० ग्रॅमचा जोड दीड किलोचा होतो. कोल्हापुरी सपाट असते. दोन्ही तळ एकमेकांवर ठेवून ३० × १३ × ९ च्या खोक्यात बसवली, तर आकारमान सातशे ग्रॅमवरच राहतं. खोके या मापाचे बनवून घ्या. जून ते सप्टेंबर आत प्लास्टिकची पिशवी हवीच, कातडं ओलं झालं की तक्रार ठरलेली.

कायद्याच्या दोन बाबी, आणि दोन्हींसाठी सीएकडं एकदा अर्धा तास बसा. महाराष्ट्राबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते, असा सर्वसाधारण नियम आहे. निपाणी हाकेच्या अंतरावर, पण राज्य दुसरं. ठरावीक हस्तकला वस्तूंना यात सवलत आहे, तुमचा माल त्यात बसतो का ते त्यांना विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडाला २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के कर आहे. दुसरी बाब जीआयची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी. पण कोल्हापुरात बनली म्हणून साइटवर जीआयचा शिक्का लावता येत नाही. त्यासाठी कारागिरानं ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करायची असते. सासऱ्यांची नोंदणी नसेल, तर आता करा. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाकडं चौकशी करता येईल. ती होईपर्यंत ‘हातानं शिवलेली, कोल्हापुरातली’ एवढंच लिहा, ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

साइट झाली की ऑर्डरी येतील, अशी एक समजूत तुमच्या पत्रात ओळींमागे दिसते. नुसत्या साइटनं येत नाहीत. ‘कोल्हापुरी चप्पल’ या शोधात मोठ्या कंपन्यांच्या रांगेत तुम्ही कुठंतरी मागे असाल, प्राडाची चर्चा होवो न होवो. ‘पुरुषांसाठी कापशी चप्पल माप ११’ किंवा ‘रुंद पावलासाठी कोल्हापुरी’ असं कुणी शोधलं, तर मात्र तुमची संधी आहे. म्हणून पानाच्या टायटलमध्ये नेमका प्रकार आणि वैशिष्ट्य लिहा. गुगलचं बिझनेस प्रोफाइल आणि सर्च कन्सोल दोन्ही फुकट आहेत, नोंद करा, आणि पान शोधात दिसायला काही आठवडे जाऊ शकतात हे धरून चला. तोवर इन्स्टाग्रामवर येणाऱ्या प्रत्येक ‘किंमत?’ला मापाच्या पानाचा दुवा पाठवा. महिन्याच्या त्या चार-पाच जोडांवरच पानाची पहिली परीक्षा होईल. त्या गिऱ्हाइकांनी मापाबद्दल फोन करून विचारलं, तर काय विचारलं ते वहीत लिहा आणि पानात त्याची भर घाला. चढवण्याआधी सासूबाईंच्या फोनवर, मोठी अक्षरं लावलेली असताना, वायफाय बंद करून उघडून बघा.

हातानं बनवलेलं हे पान किती दिवस पुरेल? रोजच्या ऑर्डरी पाच-सहाच्या वर गेल्या, कुठल्या मापाचे किती जोड उरले हे डोक्यात मावेना, की शॉपिफाय किंवा वर्डप्रेसवर वूकॉमर्स असं तयार ऑनलाइन दुकान घ्या. तिथं महिन्याचं भाडं किंवा देखभाल असते, पण तेव्हा ते परवडेल, आणि एचटीएमएल-सीएसएस येत असल्यामुळं कुठलाही टेम्पलेट तुम्ही स्वतः वळवून घ्याल. शिल्लक ७०,००० मधले या घडीला डोमेन, खोके आणि पहिल्या वीस बदल्यांचा राखीव खर्च धरून दहा-बारा हजारांच्या वर बाहेर काढू नका.

ता. क. मधला प्रश्न. सासऱ्यांचं नाव जरूर द्या, पण आधी एक चाचणी घ्या. ते नाव फोनवरून तीन जणांना सांगा आणि रोमन लिपीत लिहून पाठवायला सांगा. तिघांनी तीन स्पेलिंगं पाठवली, तर आडनाव किंवा गल्लीचं नाव घेऊन पुन्हा विचारा. ‘चप्पल’ हा शब्द नावात टाळलेला बरा, त्यात किती ‘पी’ यावर एकमत होत नाही. ‘डॉट भारत’मध्ये देवनागरी नावही मिळतं, पण बऱ्याच ठिकाणी ते रोमन अक्षरांच्या अगम्य रांगेसारखं दिसतं आणि कळफलक बदलून टाइप करायचा कंटाळा लोक करतात. साधं ‘डॉट इन’ घ्या. सासऱ्यांचं नाव देवनागरीत पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत येऊ द्या, मुक्ता फॉन्टमध्ये ते छान दिसेल.